ओटीवरून मांगरापर्यंत

ओटीवर एकच मोठा दिवा लावून घरांतील सर्व खोल्या उजळत नाहींत, हें आपणांपैकीं प्रत्येकास ठाऊक आहे. माजघरांत उजेड हवा असेल तर माजघरांतच दिवा लावावा लागतो. ओटीवरील दिव्याची वात कितीही मोठी केली तरी भिंतीआडचा अंधार जात नाहीं. ओटीवर बसलेल्यांचे डोळे मात्र दिपतात. ही गोष्ट दिव्याच्या बाबतींत लहान मुलासही समजते. परंतु वायफायच्या बाबतींत मोठमोठीं माणसें ती विसरतात. परसांतील खोलींत वायफाय पोंचत नाहीं असें दिसलें, कीं बाजारांतून अधिक अँटेनांचा व अधिक किमतीचा राउटर आणावयाचा, तो पुन्हां ओटीवरच ठेवावयाचा, आणि खोलींतील स्थिति पूर्वीसारखीच राहिलेली पाहून हताश व्हावयाचें, असा क्रम पुष्कळ घरांतून चाललेला दिसतो. हा खर्च व हा मनस्ताप कसा टाळावा, आणि घरापासून वेगळ्या असलेल्या इमारतींत वायफाय नेण्याचा शास्त्रशुद्ध मार्ग कोणता, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शाळेच्या वार्षिकांत हा विषय कशाला, अशी शंका कोणी घेईल. तीस उत्तर असें कीं, पुष्कळ विद्यार्थ्यांची अभ्यासाची जागा मुख्य घरांत नसते. कोंकणांतील घर डोळ्यांपुढें आणा. पुढें खळें, मग ओटी व पडवी, आंत माजघर, मागें स्वयंपाकघर. घरांत आजी-आजोबा असतात, पाहुण्यांचें येणेंजाणें असतें, टीव्ही चालू असतो. म्हणून दहावी-बारावीस बसलेल्या मुलास अथवा मुलीस खळ्यापलीकडील मांगराची एक खोली झाडून, सारवून अभ्यासासाठीं दिली जाते. देशावर हीच सोय परसांतील खोलींत अथवा मळ्यांतील घरांत होते. २०२० सालीं करोनाच्या साथीमुळें शाळा बंद पडल्या, तेव्हां सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील एका विद्यार्थिनीनें फोनची रेंज मिळावी म्हणून डोंगरावर झोपडींत बसून अभ्यास केल्याची हकीकत वर्तमानपत्रांतून सर्वत्र प्रसिद्ध झाली होती. त्यानंतर पुष्कळ गांवांत फायबरची तार घरापर्यंत आली. परंतु ती ओटीपर्यंत येऊन थांबते, आणि जिला तिची खरी गरज ती मुलगी पंचवीस मीटरांवरील मांगरांत वही उघडून तशीच बसलेली असते. डोंगर चढण्याचे श्रम वांचले, पण खळें ओलांडण्याचें राहिलें, अशी ही स्थिति आहे.

तरंग आणि भिंत

वायफायचे तरंग हे प्रकाशाचेच भाऊबंद होत. विद्युत् व चुंबकत्व यांच्या योगानें असे तरंग उत्पन्न होऊन प्रकाशाच्या वेगानें धांवत असले पाहिजेत, असें मॅक्सवेल या स्कॉटिश शास्त्रज्ञानें १८६५ सालीं गणितानें दाखविलें. हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें १८८७ व १८८८ या सालांत ते प्रयोगानें सिद्ध केले. आणि १८९५ सालीं आचार्य जगदीशचंद्र बोस यांनीं कलकत्त्यास जाहीर प्रयोग करून, हे अदृश्य तरंग भिंतींतून पार नेऊन दूर ठेविलेली घंटा वाजवून दाखविली. तेव्हां तरंग भिंतींतून जातच नाहींत असें नव्हे. ते जातात, परंतु प्रत्येक भिंत जकातीच्या नाक्यासारखी आपला भाग काढून घेते. पहिल्या नाक्यावर कांहीं गेलें, दुसऱ्यावर आणखी कांहीं गेलें, आणि पलीकडे पोंचेपर्यंत गांठीं फारसें उरत नाहीं.

ही जकात किती, हें दोन गोष्टींवर अवलंबून असतें : तरंग कोणता, आणि भिंत कशाची. घरगुती वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतें. एकींत तरंगाचीं आंदोलनें सेकंदास सुमारें २ अब्ज ४० कोटी होतात व तरंगाची लांबी सुमारें साडेबारा सेंटिमीटर असते. लोक तिला २.४ गिगाहर्ट्झ म्हणतात. दुसरींत आंदोलनें ५ अब्जांहून अधिक असून लांबी सहा सेंटिमीटरांहून थोडी कमी असते; ती ५ गिगाहर्ट्झची पट्टी होय. दुसरी पट्टी वेगानें अधिक माहिती वाहून नेते, पण भिंतींत लवकर थकते. पहिली तिच्या मानानें सावकाश चालते, पण भिंतीपलीकडे अधिक पोंचते. म्हणून मांगराच्या उंबरठ्यावर फोन बहुधा २.४ ची पट्टी दाखवितो आणि ५ ची पट्टी नाहींशी झालेली असते.

आतां भिंतीकडे पाहूं. कोंकणांतील भिंत जांभ्या चिऱ्याची, जाड व भरीव. हा दगड सच्छिद्र असून पावसाळ्यांत पाणी शोषून घेतो. आणि या तरंगांना पाणी मोठें वैरी आहे. म्हणून वैशाखांत कसेंबसें चालणारें वायफाय आषाढांत अजिबात मान टाकतें. मधल्या माडांच्या व आंब्यांच्या भिजलेल्या पानांचाही परिणाम तसाच. पत्र्याची गोष्ट निराळी : तो तरंग शोषीत नाहीं, तर आरशासारखा परत फिरवितो. लोखंडी कपाट, पत्र्याचें दार व स्लॅबमधील सळ्यांची जाळी यांच्या आड ठेविलेला राउटर म्हणजे परातीखालीं झांकलेला दिवाच होय. साधें मंगळुरी कौल, लांकडी दार व कांचेची खिडकी यांची जकात त्या मानानें हलकी असते.

थोडा हिशेब

विद्यार्थिमित्रहो, शास्त्रांत नुसत्या समजुतीवर न थांबतां आंकड्यांकडे जावें लागतें. तरंगाची शक्ति मोजण्याचें माप डीबीएम या नांवानें ओळखलें जातें. अँड्रॉइड फोनवर हा आंकडा दाखविणारीं ॲपें विनामूल्य मिळतात. आंकडा नेहमीं उणे असतो, त्यानें गोंधळूं नये. तो कर्जासारखा वाचावा : ३५ रुपयांच्या कर्जापेक्षां ८५ रुपयांचें कर्ज वाईट, तसें उणे ३५ पेक्षां उणे ८५ वाईट. उणे ५० च्या आसपास स्थिति उत्तम. उणे ६७ पर्यंत चित्रवर्ग व बोलणें सहसा नीट चालतें. उणे ७५ च्या पलीकडे तें अडखळूं लागतें. आणि उणे ८५ म्हणजे फोनवर वायफायचें नांव दिसतें, काम कांहीं होत नाहीं.

तीन नियम पाठ करा. तीन डेसिबल उतरले म्हणजे शक्ति निम्मी झाली. दहा उतरले म्हणजे ती दहावा हिस्सा राहिली. आणि मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं सहा डेसिबल उतरतात, कारण अंतर दुप्पट झालें तर शक्ति चौथा हिस्सा राहते.

आतां उदाहरण घेऊं. समजा, ओटीवरील राउटरपासून एक मीटरावर फोन उणे ३५ दाखवितो. मांगरांतील टेबल राउटरपासून ३२ मीटर दूर आहे. एकाचे दोन, दोहोंचे चार, चाराचे आठ, आठांचे सोळा, सोळांचे बत्तीस. अंतर पांच वेळां दुप्पट झालें, म्हणजे तीस डेसिबल उतरले. उणे ३५ चे उणे ६५ झाले. इतकेंच असतें तर मुलीचा वर्ग नीट चालला असता. मोकळें खळें हा मुख्य अडथळा नव्हे, हें यावरून दिसून येईल. परंतु मध्यें घराची एक व मांगराची एक अशा दोन चिऱ्याच्या भिंती आहेत. प्रत्येकीची जकात दहा डेसिबल धरूं. म्हणजे मांगरांत उणे ८५ उरले. घोडें अडतें तें येथें.

ही वीस डेसिबलांची तूट राउटरची शक्ति वाढवून भरून काढावयाची म्हटल्यास ती शंभरपट करावी लागेल. कारण दहा डेसिबल म्हणजे दहापट, आणि आणखी दहा म्हणजे दहांची दहापट. सामान्य राउटरची प्रेषणशक्ति २.४ च्या पट्टींत सुमारें एक दशांश वॅट असते. तिची शंभरपट म्हणजे दहा वॅट झाले. आपल्या देशांत २००५ सालच्या नियमानें ही पट्टी परवान्यावांचून वापरण्यास खुली झाली, ती प्रेषकाची शक्ति अधिकांत अधिक एक वॅट असावी या अटीवर. तेव्हां भिंतीशीं बळानें झुंजण्याचा मार्ग निसर्गालाही मान्य नाहीं व कायद्यालाही नाहीं.

शिवाय वायफाय हें व्याख्यान नसून संभाषण आहे. राउटर बोलतो तसा फोनही बोलतो, आणि फोनचा आवाज राउटरच्या मानानें बहुधा क्षीणच असतो. ओटीवर खणखणीत आवाजाचा मनुष्य उभा केला तर त्याचें बोलणें मांगरांत ऐकूं येईल. परंतु मांगरांतील मुलीचें हळू उत्तर ओटीवर कसें ऐकूं जावें? म्हणूनच मोठा राउटर आणल्यावर फोनवर पट्ट्या पूर्ण दिसतात आणि वर्ग मात्र तुटत राहतो. हें कोडें वाटतें, पण त्याचें उत्तर एवढेंच आहे.

आतां दुसरा मार्ग मोजून पाहूं. मांगराच्या आंतच लहानसा ॲक्सेस पॉइंट बसविला, आणि तो टेबलापासून चार मीटरांवर आहे. अंतर दोनदां दुप्पट झालें, बारा डेसिबल उतरले, मध्यें भिंत नाहीं; उणे ३५ चे उणे ४७ झाले. उणे ८५ व उणे ४७ यांत अडतीस डेसिबलांचें अंतर आहे. म्हणजे शक्ति सहा हजारपटींहून अधिक झाली, आणि तीही लहानशा यंत्रानें. दिवा मोठा न करतां जवळ आणला, एवढेंच आपण केलें.

अगोदर मोजावें, मग विकत घ्यावें

खर्च करण्यापूर्वीं दोन परीक्षा कराव्या. पहिली अशी : राउटरच्या शेजारीं उभें राहून वेग मोजावा. तेथेंच तो मंद असेल, तर दोष भिंतीचा नसून बाहेरून येणाऱ्या जोडणीचा आहे, आणि मांगरांत कितीही यंत्रें बसविलीं तरी उपयोग होणार नाहीं. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

दुसरी परीक्षा अशी : ओटी, पडवी, खळ्याचा मध्य, मांगराचा उंबरठा व मांगरांतील टेबल, अशा पांच जागीं दारें लावून घेऊन डीबीएमचा आंकडा वहींत लिहावा, एकदां सकाळीं व एकदां रात्रीं. ज्या दोन जागांमध्यें आंकडा एकदम घसरतो, तेथें खरा अडथळा आहे असें समजावें. हें काम आठवीच्या मुलासही करतां येतें, आणि त्यानें वडिलांचे पैसे वांचतात. कांहीं घरांत राउटर आंतल्या कोपऱ्यांतून काढून मांगराकडील खिडकींत ठेवला तर तेवढ्यानेंच काम भागतें. ही युक्ति बिनखर्चाची असल्यामुळें ती प्रथम करून पाहावी.

चार मार्ग

जागा बदलूनही भागलें नाहीं, तर चार मार्ग उरतात.

पहिला रिपीटरचा. रिपीटर म्हणजे ऐकलेलें बोलणें पुन्हां मोठ्यानें सांगणारा मनुष्य. तो स्वस्त असतो व भिंतीवरील सॉकेटांत खोंचला कीं चालू होतो. परंतु साधा रिपीटर एकाच तोंडानें ऐकतो व बोलतो, त्यामुळें वेग सुमारें निम्म्यावर येतो. दुसरें असें कीं, जो स्वतः उणे ८५ वर कुजबुज ऐकतो, तो पुढें काय सांगणार? रिपीटर मांगरांत न ठेवतां, जेथें आंकडा अद्याप चांगला आहे अशा जागीं ठेविला तरच त्याचा थोडाबहुत उपयोग. आणि ती जागा बहुधा खळ्याच्या मध्यभागीं येते, जेथें छप्परही नाहीं व सॉकेटही नाहीं.

दुसरा मेशचा. यांत दोन-तीन यंत्रें एकमेकांशीं संगनमतानें चालतात. एका घरांतील खोल्यांसाठीं ही रचना चांगली आहे; परंतु हीं यंत्रेंही बिनतारी बोलत असलीं तर त्यांनाही तीच जकात द्यावी लागते. मात्र त्यांना मध्यें केबलनें जोडलें तर तीं उत्तम चालतात.

तिसरा बिनतारी पुलाचा. घराच्या व मांगराच्या बाहेरच्या भिंतींवर समोरासमोर तोंड करून दोन यंत्रें बसवितात. तीं सर्व बाजूंस न ओरडतां एकमेकांच्याच कानांत बोलतात. मध्यें रस्ता, ओढा अथवा दुसऱ्याची जमीन असून खणतां येत नसेल, तर हाच मार्ग श्रेयस्कर. अट एकच : एका यंत्रावरून दुसरें यंत्र स्वच्छ दिसलें पाहिजे, आणि मधली फांदी पुढच्या पावसाळ्यांत किती वाढेल याचाही विचार आजच केला पाहिजे.

चौथा मार्ग केबलीचा, आणि जेथें खणतां येतें तेथें आमची शिफारस याचीच. केबल भिंतीस भीत नाहीं, पावसास भीत नाहीं, आणि एकदां नीट घातली कीं वर्षांनुवर्षें तिची आठवणही होत नाहीं.

केबल कशी घालावी

तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरांपर्यंत चालते. आपल्या उदाहरणांत खळ्याचे २५ मीटर, घरांतील वळणें १२, मांगरांतील चढउतार ५ व राखीव ३, असे ४५ मीटर झाले. म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. केबल घेतांना ती पूर्ण तांब्याची आहे कीं ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली आहे, हें विचारून घ्यावें. मुलाम्याची केबल स्वस्त मिळते, पण ती लवकर मोडते. बाहेरच्या कामास काळ्या आवरणाची, बाहेरच्यासाठींच केलेली केबल घ्यावी. घरांतील पांढरी केबल उन्हानें तडकते.

केबल उघडी पुरूं नये, पाइपांतून घालावी. चर सुमारें दीड फूट खोल असावा, म्हणजे कुदळीचा घाव लागणार नाहीं. विजेची तार त्याच वाटेनें जात असेल, तर तिच्यापासून निदान एक फूट दूर राहावें, व ओलांडावी लागलीच तर काटकोनांत ओलांडावी. पाइपास थोडा उतार द्यावा, म्हणजे पाणी सांचणार नाहीं. त्याचीं तोंडें बुजवावीं, म्हणजे उंदीर व मुंग्या शिरणार नाहींत. आंत एक रिकामी दोरी ओढून ठेवावी, म्हणजे पुढें दुसरी तार घालतांना पुन्हां खणावें लागणार नाहीं. हें काम मृगापूर्वीं उरकावें.

तांब्याच्या केबलीचा एक मोठा गुण असा कीं, तिच्यांतूनच यंत्रास वीजही देतां येते. २००३ सालीं ठरलेल्या मानकाप्रमाणें अशा रीतीनें सुमारें ४८ व्होल्ट दाबानें १५.४ वॅटपर्यंत शक्ति पाठवितां येते, आणि ती लहान ॲक्सेस पॉइंटास पुरते. मग मांगरांत वीज गेली तरी घरांतील इन्व्हर्टरवर दोन्ही जागचें वायफाय चालूं राहतें. परीक्षेच्या दिवसांत ही सोय लहान नव्हे.

परंतु या गुणाच्या पोटांतच एक धोका आहे, आणि त्याकडे पालकांनीं विशेष लक्ष द्यावें अशी आमची विनंति आहे. पावसाळ्यापूर्वीं व पुन्हां परतीच्या पावसांत कोंकणांत विजा फार चमकतात. दोन इमारतींस जोडणारी धातूची तार ही, जवळपास वीज पडली असतां, त्या विजेचा झटका एका घरांतून दुसऱ्या घरांत नेणारी वाट होऊं शकते. वीज प्रत्यक्ष तारेवरच पडली पाहिजे असें नाहीं. दोन्ही इमारतींचें अर्थिंग वेगवेगळें असेल तर भय अधिकच. यंत्र जळालें तर दुसरें घेतां येईल. परंतु टेबलापाशीं लॅपटॉपवर हात ठेवून बसलेलें मूल दुसरें मिळत नाहीं. म्हणून दोन इमारतींमध्यें शक्य तर फायबरची तार घालावी. फायबर म्हणजे कांचेचा केसासारखा धागा. त्यांतून वीज न जातां प्रकाश जातो, त्यामुळें विजेचा झटका त्यांतून पलीकडे जाऊं शकत नाहीं. मात्र तिच्या आवरणांत बळकटीसाठीं लोखंडाची तार घातलेली नसावी, हें पाहून घ्यावें.

दोन्ही टोकांस मीडिया कन्व्हर्टर नांवाचा लहान डबा लागतो. तो प्रकाशाचें विजेंत व विजेचें प्रकाशांत रूपांतर करितो. दोन्ही टोकें तयार बसविलेली तार मापानें मिळते, त्यामुळें घरीं जोडकाम करावें लागत नाहीं. तिला वाटीच्या कडेपेक्षां लहान वळण देऊं नये, आणि तिच्या टोकांत डोळा घालून पाहूं नये. आंतील प्रकाश दिसत नाहीं, पण डोळ्यास अपाय करूं शकतो. फायबर वीज वाहून नेत नाहीं, म्हणून मांगरांतील यंत्रास तेथीलच सॉकेटावरून वीज द्यावी लागते. सुरक्षिततेसाठीं ही किंमत अल्प आहे. तांब्याचीच केबल घालणें प्राप्त असेल, तर दोन्ही टोकांस अर्थिंग असलेले सर्ज प्रोटेक्टर जाणत्या वायरमनकडून बसवून घ्यावे, आणि गडगडाट होऊं लागण्यापूर्वींच केबल दोन्हीकडून काढून ठेवावी. विजेच्या फळ्याचें काम मुलांनीं करूं नये.

ॲक्सेस पॉइंट बसवितांना

ॲक्सेस पॉइंट खोलींत उंचावर, शक्य तितका मध्यभागीं बसवावा. लोखंडी कपाटाच्या मागें अथवा पत्र्याच्या छपरास लागून ठेवूं नये. नवा घेणें परवडत नसेल तर घरांत पडलेला जुना राउटरही हेंच काम करितो. मात्र तीन गोष्टी कराव्या लागतात. पहिली, त्याचा स्वतःचा पत्ता बदलावा. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर जुन्यास १९२.१६८.१.२ द्यावा. दुसरी, त्यांतील डीएचसीपी बंद करावें. डीएचसीपी म्हणजे घरांतील प्रत्येक यंत्रास क्रमांक वाटणारा कारकून. एका कचेरींत तेंच रजिस्टर दोन कारकुनांनीं चालविलें म्हणजे जो घोंटाळा होतो, तोच येथें होतो. तिसरी, केबल त्याच्या वॅन म्हणून लिहिलेल्या सॉकेटांत न घालतां लॅन सॉकेटांत घालावी. या तीन गोष्टी केल्या म्हणजे जुना राउटर आपला मोठेपणा सोडून मुकाट्यानें ॲक्सेस पॉइंटाचें काम करूं लागतो.

दोन्ही जागीं वायफायचें नांव व पासवर्ड एकच ठेवावा, म्हणजे ओटीवरून मांगरांत जातांना फोन आपोआप जवळच्या यंत्राकडे वळतो. २.४ च्या पट्टींत १, ६ व ११ हीं चॅनेलें एकमेकांत मिसळत नाहींत. म्हणून घरांत १ व मांगरांत ११ असें वाटून द्यावें. दोन्ही यंत्रांची शक्ति थोडी कमी ठेवावी, नाहींतर मांगरांत गेलेला फोन दूरच्या ओटीलाच चिकटून राहतो. सुरक्षिततेसाठीं डब्ल्यूपीए-२ अथवा डब्ल्यूपीए-३ निवडावें, पासवर्ड लांब ठेवावा, आणि राउटरच्या पाठीवर छापलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशीं बदलावा.

पालकांस व विद्यार्थ्यांस दोन शब्द

येथवर तरंगांचा विचार झाला, आतां माणसांचा. घरांत वायफाय कोठें उत्तम मिळावें, हा प्रश्न वरवर यंत्राचा दिसतो, पण त्याच्या मुळाशीं घराचा न्याय आहे. राउटर जेथें ठेवितात तेथें बहुधा टीव्ही असतो, आणि ज्यास रोज तीन तास अभ्यास करावयाचा तो सर्वांत दूरच्या खोलींत असतो. कित्येक घरांत मांगरांतील खोली मुलीच्या अथवा म्हाताऱ्या आजोबांच्या वांट्यास येते. जो दूर आहे त्याला उरलेलें द्यावयाचें, कीं त्याच्यापर्यंत नीट वाट बांधावयाची, हें घरांतील वडीलधाऱ्यांनीं ठरवावयाचें आहे. पाण्याची नळी गोठ्यापर्यंत नेतांना आपण जितका विचार करितों, तितका विचार मुलाच्या टेबलापर्यंत ही तार नेतांना करणें अवघड नाहीं.

त्याचबरोबर विद्यार्थ्यांनींही एक जाणावें. मांगरांत वायफाय आलें म्हणजे तेथें पुस्तकालय आलें, शिक्षक आले. पण त्याच दारानें करमणुकीचा बाजारही आला. वेगळ्या खोलींत कोणी पाहणारें नसतें. यासाठीं ॲक्सेस पॉइंट ठराविक वेळीं बंद होण्याची सोय पुष्कळ यंत्रांत असते; ती वेळ वडिलांनीं एकट्यानें न ठरवितां मुलाशीं बोलून ठरवावी, आणि मुलानें ती आपण होऊन पाळावी. हेरगिरीपेक्षां करार बरा.

सारांश, अगोदर मोजा, मग जागा बदलून पाहा. भागलें नाहीं तर जमिनीखालून चांगली तार न्या, विजेचा विचार करून फायबर घाला, आणि दूरच्या खोलींत तिचा स्वतःचा लहान दिवा लावा. सुटींत ज्या विद्यार्थ्यांस हा प्रयोग करावयाचा असेल त्यांनीं पांच जागांचे आंकडे वहींत लिहून काढावे, आणि काम झाल्यावर तेच पांच आंकडे पुन्हां घेऊन शेजारीं लिहावे. त्या दोन रकान्यांतील फरक पाहून जो आनंद होईल, तो विकत घेतलेल्या यंत्राचा नसून स्वतः समजून केलेल्या कामाचा असेल. आणि शेजारच्या घरीं हीच अडचण आली असतां, ती वही घेऊन त्यांच्याकडे जाण्यास तुम्हांस संकोच वाटणार नाहीं.